अकरावं नाव

ऑफिसात तिला टापटीपबाई म्हणत. ते कौतुकाने म्हणत की कंटाळून, हे ज्याने त्याने आपापलं ठरवावं. तिच्या टेबलावरची पेनं उंचीप्रमाणे उभी असत, आणि दुसऱ्याच्या टेबलावरचा चहाचा डागसुद्धा तिला चैन पडू देत नसे. असा माणूस प्रोग्राम लिहायला लागला की प्रोग्राम दिसायला फार देखणे होतात, यात शंका नाही. पण याच टापटिपीपायी एक भला माणूस तपासणीच्या खिडकीजवळून उठून खोक्यांवर पत्ते चिकटवायला जाऊन बसला होता. हे फक्त तिला ठाऊक होतं, आणि ती ते कुणालाच सांगत नव्हती.

झालं ते असं. कंपनी चष्म्याच्या काचा बनवायची. दुकानादुकानांतून ऑर्डरी यायच्या, तिच्या प्रोग्राममध्ये उतरायच्या आणि तिथून खालच्या मजल्यावर, वर्कशॉपमधल्या घासाईच्या यंत्राकडे जायच्या. प्रोग्रामच्या पोटात ऑर्डर ही एक अख्खी वस्तू असते. यंत्राकडे धाडताना मात्र तिची यादी करावी लागते, की या नावापुढे हा आकडा, त्या नावापुढे तो. उजव्या डोळ्याचा नंबर, डाव्याचा, दोन बाहुल्यांमधलं अंतर, असे साठेक रकाने. त्या रकान्यांना नावं कशी द्यायची याचा कंपनीत नियम होता. प्रोग्रामच्या आत शब्द जोडून लिहायचे आणि पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवायचं. बाहेर पाठवताना सगळी अक्षरं लहान आणि दोन शब्दांमध्ये खालची रेघ. हे हाताने करत बसावं लागत नाही. एक सेटिंग लावली की प्रोग्राम आपणहून सगळी नावं बदलून देतो. तिला ही सेटिंग मनापासून आवडायची.

अकरा रकाने तेवढे या शिस्तीत बसत नव्हते. तिच्या आधी ते काम पाहणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या काकांनी त्या अकरांवर स्वतःच्या हाताने वेगळी नावं डकवून ठेवली होती. तोकडी, चमत्कारिक, शेजारच्या कुठल्याच नावाशी न जुळणारी. प्रत्येकापुढे एकच टीप होती, ‘यंत्राला हे याच नावाने कळतं. बदलण्याआधी खाली विचारा.’ ती अकरा नावं तिला शाळेच्या रांगेत शर्ट बाहेर काढून उभ्या असलेल्या पोरांसारखी दिसायची. दोन वर्षं तिने सहन केलं. मग एका दुपारी तिने काकांनी डकवलेली सगळी नावं काढून टाकली, टिपांसकट, आणि सेटिंगला तिचं काम करू दिलं. साठच्या साठ नावं एका वळणाची झाली. तिने पडद्याकडे पाहिलं आणि तिला बरं वाटलं, ते अगदी खरं खरं बरं वाटणं होतं.

कुठलाही बदल पुढे पाठवण्याआधी एक तक्ता भरावा लागे. त्यात सात चौकटी होत्या, आणि चौथी होती, ‘वर्कशॉपला फोन करून विचारलं.’ तिने फोन केला होता. आठ-दहा वेळा घंटा वाजली. खाली जेवणाची सुट्टी होती, कुणी उचलला नाही. जेवणानंतर विचारू म्हणून तिने चौथ्या चौकटीत बरोबरची खूण केली आणि जेवणानंतर एक मीटिंग निघाली. पुढे कधी मनाने टोचलंच तर ती मनाला सांगायची की फोन तर केला होता. विचारलं नव्हतं, एवढंच.

यंत्रानेही ब्र काढला नाही. त्याचा स्वभावच तसा. ओळखीचं नाव दिसलं नाही तर ते भांडत नाही, तो आकडा सोडून देतं आणि त्या जागी शून्य धरून पुढे जातं. अकरांपैकी दहा नावं कधीच्या बंद पडलेल्या गोष्टींची होती. ती गेली काय आणि राहिली काय. अकरावं नाव प्रिझमचं होतं. काही माणसांचे दोन डोळे एका जागी टेकत नाहीत आणि त्यांना एकाचे दोन दिसतात. त्यांच्या काचेला एका बाजूने बारीकसा उतार द्यावा लागतो, त्याला प्रिझम म्हणतात. तो दिला की दोन चित्रं सरकून एक होतात. असा उतार लागणारी माणसं थोडी असतात. पुढच्या दहा आठवड्यांत ती एक्केचाळीस निघाली, आणि एक्केचाळीस जणांना सपाट काचा गेल्या.

त्यांतले एक तिचे मामा होते.

मामा घड्याळं दुरुस्त करत. एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं, इतकं अरुंद की गिऱ्हाइकाने आत यायचं तर मामांनी पोट आत घ्यायचं. जुन्या चष्म्यावर ओरखडे पडले तेव्हा तिनेच मागे लागून आपल्या कंपनीच्या काचा घ्यायला लावल्या होत्या. महिनाभराने आईचा फोन आला, की मामा दुकान बंद करतोय म्हणे, डोळ्यांनी दगा दिला. ती रविवारी तिकडे गेली. तारीख पाच होती. या गोष्टीत तारखा लक्षात ठेवाव्या लागतात.

मामा टेबलावर वाकून, डावा डोळा मिटून, चिमट्याने एक स्क्रू शोधत होते. स्क्रू त्यांच्या बाहीवर होता. तिला पाहून त्यांनी डोळा उघडला आणि म्हणाले, “आलात? या, दोघीही या. खुर्ची मात्र एकच आहे.” ती तर एकटीच आली होती. मामांच्या मागे उभी असलेली मामी हसली नाही. तिनेच मग हळूच सांगितलं, की दुकानदार म्हणतो सवय होईल, डॉक्टर म्हणतात वय झालं, आणि हे म्हणतात भाचीला सांगू नकोस, तिच्या कंपनीचा चष्मा आहे, उगाच तिच्या जिवाला लागेल.

तिने चष्मा मागून घेतला, हात लांब करून धरला आणि काचेच्या मध्यातून दाराच्या चौकटीकडे पाहिलं. उतार असता तर चौकटीची रेघ काचेत शिरताना तुटून बाजूला सरकली असती. रेघ वरपासून खालपर्यंत सरळ गेली. आयुष्यात पहिल्यांदा एखादी सरळ रेघ तिला नकोशी वाटली. चष्मा परत देताना तिने काचा पुसून दिल्या, आणि काहीतरी करते म्हणाली.

सोमवारी, सहा तारखेला, ऑफिसात पाय ठेवल्या ठेवल्या तिने प्रोग्राम उघडला. सापडायला वेळ लागला नाही, कारण कुठे शोधायचं हे तिला आदल्या दिवसापासून माहीत होतं. काकांचं ते तोकडं नाव तिने प्रिझमवर परत डकवलं. चार मिनिटांचं काम. मामांच्या काचांची नवी ऑर्डर तातडीची म्हणून घातली, आणि मग सपाट काचा गेलेले लोक मोजले, ते एक्केचाळीस निघाले.

आणि तेव्हाच तिच्या डोक्यात उजेड पडला की उस्तादांना का उठवलं.

उस्ताद म्हणजे वर्कशॉपमधले सर्वांत जुने कारागीर. तीस वर्षं ते घासाई करत होते आणि गेली आठ वर्षं शेवटची तपासणी. उत्तरेकडच्या खिडकीजवळ त्यांचं टेबल होतं. यंत्रातून प्रत्येक जोडीबरोबर, यंत्राला मिळालेल्या आकड्यांची एक चिठ्ठी निघायची. काच चिठ्ठीप्रमाणे आहे का ते पाहायचं आणि सही करायची. गेल्या गुरुवारी दोन जोड्या तक्रार होऊन परत आल्या. साहेबांनी कॉम्प्युटरवर ऑर्डरी पाहिल्या, तर दोन्हींत प्रिझम होतं. काचांत नव्हतं. सही उस्तादांची. उस्ताद म्हणाले, माझ्या चिठ्ठीवर नव्हतंच. पण चिठ्ठ्या संध्याकाळी कचऱ्यात जातात, दाखवणार काय? साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, की अक्षर बारीक असतं, होतं असं वयाप्रमाणे, आणि उस्तादांना पॅकिंगला बसवलं. ही बातमी वर आली तेव्हा टापटीपबाईंनी चहा पिता पिता हळहळ व्यक्त केली होती, अरेरे म्हणाल्या होत्या.

आता तिने साहेबांकडे जाऊन सांगायला हवं होतं. सोमवारी साहेब बाहेरगावी होते. मंगळवारी त्यांचा मूड नव्हता. बुधवारी तिचा. तिची लाल शाई ऑफिसात सगळ्यांनी सोसलेली होती. कुणाची एक रिकामी ओळ जास्त पडली तरी ती खूण करून परत पाठवायची. त्या सगळ्यांसमोर उभं राहून चौथ्या चौकटीबद्दल बोलायचं, या विचारानेच तिचे कान गरम व्हायचे. दुरुस्त तर केलंच आहे, असं ती स्वतःला सांगायची. ज्यांच्याकडे चुकीच्या काचा गेल्या तेही एकेक करून तक्रार करतीलच, त्यांना बदलून मिळतील. उस्तादांचं थोडं शांत होऊ दे, मग बघू. रोज सकाळी तिला पॅकिंगच्या टेबलाजवळून जावं लागे. उस्ताद मान वर करून “काय बाळ, जेवलीस का वेळेवर काल?” असं काहीतरी विचारायचे, आणि ती “हो” म्हणून जिना चढायची. ते पत्त्याचं लेबल आधी डोळ्यांजवळ धरत, मग लांब, मग चिकटवत. पूर्वी असं करत नसत.

बारा तारखेला ती मामांकडे नवा चष्मा घेऊन गेली. मामांनी तो लावला, तिच्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्याचे काटे मोजले. मग मामीला म्हणाले, ते विकायला काढलेले चिमटे परत जागेवर लाव. मामीने तिच्या गालावरून हात फिरवला. भाचीने डोळे परत दिले, असं मामांनी समोरच्या दुकानदाराला हाक मारून सांगितलं. तिला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

“पण पहिल्या काचांना झालं काय होतं?” मामांनी विचारलं.

“खाली वर्कशॉपमध्ये काहीतरी चुकलं,” ती म्हणाली. वाक्य तोंडातून निघून गेल्यावर तिला ते ऐकू आलं.

मामांनी मान डोलावली. असेल कुणीतरी माझ्यासारखाच, वय झालेला, असं ते म्हणाले. महिनाभर ते स्वतः याच विचारात होते, त्यामुळे त्यांना त्या न पाहिलेल्या माणसाची फार दया आली. “त्याला माझा निरोप दे,” ते म्हणाले. “म्हणावं, माझा राग नाही. माझ्याही हातून स्क्रू पडलेत. आणि साहेबांना म्हणावं, एवढ्यासाठी बिचाऱ्याला उठवू नका.”

ज्याने काही केलंच नव्हतं त्याच्यासाठी दिलेली ती माफी तिने पर्समध्ये घालावी तशी बरोबर आणली, आणि दोन आठवडे तशीच बाळगली. झोप लागत होती, जेवण जात होतं, म्हणजे वरवर सगळं ठीकच होतं. फक्त पेनं उंचीप्रमाणे लावायचं तिने सोडून दिलं होतं. पेनं लावायला बसली की हात मध्येच थांबायचा.

सत्तावीस तारखेला, सोमवारच्या मीटिंगमध्ये, साहेबांनी खूश होऊन एक कागद वाचला. सहा तारखेला तपासणीला नवा माणूस बसवल्यापासून प्रिझमच्या तेरा जोड्या गेल्या होत्या आणि तेराच्या तेरा बरोबर. “मला वाईट वाटतं,” साहेब म्हणाले, “पण आकडे बोलतात. उस्ताद उठले आणि चुका थांबल्या. आता त्यांना तिथे परत बसवण्याचा प्रश्नच नाही.”

तिने गुपचूप केलेली ती चार मिनिटांची दुरुस्ती उस्तादांविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहिली होती. गप्प राहून आपण फक्त गप्प आहोत, असं ती तीन आठवडे समजत होती. आता तिला दिसलं की या तीन आठवड्यांत ती बरोबर निघणारी एकेक काच त्यांच्याविरुद्ध जमा करत होती.

मीटिंग संपल्यावर ती साहेबांच्या खोलीत गेली आणि दार लावून सगळं सांगितलं. अकरा नावं, टीप, फोन, चौथी चौकट. साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते विचार करून म्हणाले, उस्तादांना परत खिडकीपाशी बसवू, काम वाढलंय म्हणून सांगू, उरलेल्या लोकांना सवलत म्हणून नव्या काचा पाठवू, बाकीचं तुझ्यामाझ्यात. तिला मोह झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. उस्तादांची जागा परत मिळत होती, तिची अब्रू राहत होती. पण मग आपल्याला कामाच्या गर्दीचं निमित्त करून दया म्हणून बसवलं, असंच त्यांना वाटत राहणार, आणि त्या खिडकीपाशी बसून ते दर चिठ्ठी आधी जवळ आणि मग लांब धरत राहणार.

“त्यांना मीच सांगते,” ती म्हणाली. “आणि एक्केचाळीस जणांना फोनही मीच करते.”

उस्ताद खोक्यांच्या उतरंडीमागे बसले होते. शेजारी लेबलांचा गठ्ठा होता. ती समोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, “उस्ताद, तुमच्या चिठ्ठीवर प्रिझम नव्हतंच. तुम्ही बरोबर वाचत होतात. माझ्यामुळे ते यंत्रापर्यंत पोचत नव्हतं.”

त्यांचा हात थांबला. त्यांनी नीट सांग म्हटलं, तेव्हा तिने नीट सांगितलं. नावं एका वळणाची करायची हौस, यंत्राला न कळलेलं अकरावं नाव, त्याच्या जागी पडलेलं शून्य. फोन वाजत राहिला तेही सांगितलं, आणि विचारल्याची खूण केली तेही.

“जेवायच्या सुट्टीत आम्ही उचलत नाही,” उस्ताद म्हणाले. जणू त्यात त्यांचीही थोडी चूक होती. मग त्यांनी विचारलं, “तुला हे कळलं कधी?”

आज कळलं, असं म्हणता आलं असतं. साहेबांखेरीज कुणाला पत्ता लागला नसता, आणि साहेबांनीही सांभाळून घेतलं असतं.

“सहा तारखेला,” ती म्हणाली.

उस्ताद मनात काहीतरी मोजत राहिले. “त्या बुधवारी आठ होती ना?”

“हो.”

“आठ तारखेला मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. ते म्हणाले, डोळे उत्तम आहेत. मी म्हटलं, डोळे उत्तम आहेत आणि तरी दिसलं नाही, म्हणजे आता डोकं गेलं.” ते लेबलांकडे पाहत बोलत होते. “आमच्या घराला दोन जिने आहेत. सकाळी नातीला कडेवर घेऊन मी खाली नेत असे. दोन वर्षांची आहे. आठ तारखेपासून नेत नाही. ती रोज दारात हात वर करून उभी राहते. मी सांगतो, आजोबांचा पाय दुखतोय.”

तिने माफ करा म्हटलं. ते शब्द तिने जिना उतरताना किती वेळा म्हणून पाहिले होते, आणि आता ते इतके छोटे निघाले की तिला पुन्हा म्हणायची लाज वाटली. मामांचा निरोप तिने दिलाच नाही. तो त्यांचा नव्हता.

उस्ताद रागावले नाहीत, आणि काही हरकत नाही असंही म्हणाले नाहीत. उद्यापासून खिडकीपाशी बसायचं आहे, हे तिने सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. मग गठ्ठ्यातलं वरचं लेबल उचललं, सवयीने डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि एकदम तिच्यापुढे केलं.

“वाच बरं. काय लिहिलंय?”

तिने पत्ता वाचला, घर क्रमांकासकट. उस्तादांचे ओठ तिच्या मागोमाग हलत होते.

“हं,” ते म्हणाले. “मीही तेच वाचलं होतं.”

त्यांनी लेबल खोक्यावर ठेवून अंगठ्याने कडेपर्यंत दाबलं. मग दुसरं उचललं, स्वतः वाचलं आणि तिच्यापुढे धरलं. वर एक्केचाळीस फोन करायचे होते. गठ्ठ्यात शंभरेक लेबलं होती. ती स्टूल पुढे ओढून बसली आणि एकेक पत्ता मोठ्याने वाचत राहिली.